चार ग्रॅमचा चमचा

मी मिठाच्या बरणीतला एक जुना, स्टीलचा चमचा आहे. मित्रांनो, चमच्याला राग येत नाही असे तुम्हाला वाटत असेल, तर माझी कहाणी ऐकाच.

कारखान्यात माझ्या दांड्यावर 'पाच मिली' असा ठसा मारला गेला. मिली म्हणजे माझ्या पोटात किती मावते ते. वजन नव्हे! एवढे ठळक लिहूनही आजवर एका माणसाने तो ठसा धड वाचला असेल तर शपथ.

अक्का आणि त्यांचा धाकटा भाऊ यांच्या स्वयंपाकघरात मी पंधरा वर्षे काढली. भाऊ छापखान्यातून निवृत्त झालेले. अक्का स्वयंपाक करत. भाऊ त्याला नावे ठेवत आणि दोनदा वाढून घेत. मग भाऊंचे हृदय कमकुवत झाले. डॉक्टरांनी बजावले, "दिवसाला चार ग्रॅम मीठ. वर एक कणही नको." अक्का मला आणि बरणीला घेऊन थेट खालच्या मजल्यावरच्या सोनाराकडे गेल्या. जाड्या मिठाचा सपाट एक चमचा त्याने तोलला. बरोबर चार ग्रॅम! त्या दिवसापासून माझे नावच 'चार ग्रॅम' पडले. मी थोडा फुगलोही, कबूल करतो.

पुढे एकदा दुकानात जाडे मीठ मिळाले नाही. अक्कांनी बारीक आणले. जाड्या खड्यांमध्ये मोकळी जागा राहते. बारीक मीठ मात्र फटीफटीत ठासून बसते. माप तेच, वजन दीडपट! मी बरणीच्या काठावर आपटून खणखणलो. अक्का म्हणाल्या, "हातातून निसटतोय मेला."

महिन्याभरात भाऊंच्या पायांवर सूज आली. पायात चप्पल शिरेना.

"चोरून काय खातोस ते सांग," अक्का कडाडल्या.

"काही नाही गं. तुझ्या गळ्याशपथ."

"माझा गळा कशाला मध्ये घालतोस? मी मोजून घालते. चार ग्रॅम म्हणजे चार ग्रॅम!"

त्यांनी भावाचे खिसे उलटे केले, उशीखाली पाहिले. भाऊंनी बोलणेच टाकले. आठवडाभर दोघे एकाच टेबलावर, भिंतीकडे बघत जेवत होते. आणि मी? खरे काय ते माझ्या पोटात, पण सांगायला तोंड कुठे होते!

शेवटी डॉक्टरांनी विचारले, "तुमचा चमचा नक्की किती ग्रॅमचा?"

"चारचा. तोललाय मी!"

"याच मिठाने?"

अक्कांनी मला आणि बरणीला पुन्हा पिशवीत घातले.

सोनाराने पुन्हा काटा लावला. सहा ग्रॅम. अक्कांनी बरणीचे झाकण लावले. "पंचाहत्तरीला आले, आणि सख्ख्या भावाला चोर ठरवलं हो मी," एवढेच म्हणाल्या.

माफी मागणे त्यांच्या स्वभावात नव्हते. घरी येऊन त्यांनी भाऊंचे सुजलेले पाय मांडीवर घेतले आणि रडू लागल्या.

"पुरे कर," भाऊ म्हणाले. "खारट पाणी पडतंय. तेही मोजावं लागेल."

हळूहळू सूज उतरली. घरात वजनकाटा आला.

मित्रांनो, चमचा, वाटी, पेला, आम्ही फक्त जागा मोजतो. पीठ चाळून भरले की दाबून, हे तुम्हीच बघायचे. जिन्नस बदलला की पुन्हा तोला. आणि घरच्या माणसावर आळ घ्यायचा असेल, तर त्याआधी दोनदा तोला.