पट्टा बांधला की बोलायचं नाही

गुरुवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी डॉक्टर गुणाजी भोईर यांनी उजव्या हाताची बाही वर केली आणि मुलीसमोर हात टेबलावर ठेवला. दवाखान्याचे दार आतून बंद होते. बाहेर बाकावर नऊ पेशंट बसले होते. अठ्ठावीस वर्षांत डॉक्टरांचा स्वतःचा रक्तदाब मोजण्याची माझी ही पहिलीच वेळ होती.

मित्रांनो, मी एक जुना पाऱ्याचा रक्तदाबमापक आहे. दवाखान्यात मला नुसते ‘बीपीचं मशीन’ म्हणतात आणि पेशंटना नंबर देणारी जनाबाई मला ‘डबा’ म्हणते. मी खरोखरच एक राखाडी डबा आहे. झाकण उघडले की एक काचेची नळी उभी राहते. नळीच्या कडेला शून्यापासून तीनशेपर्यंत आकडे आहेत आणि तळाशी पारा आहे. पारा ही माझी झोप आणि माझी जाग आहे. झाकण मिटले की तो तळाशी निजतो. दंडाला पट्टा बांधून कुणी रबरी फुगा दाबू लागले की तो चांदीच्या रेघेसारखा वर चढतो. मग हवा हळूहळू सोडतात आणि तो उतरू लागतो. उतरताना एका जागी तो किंचित उचकतो. पुन्हा उचकतो. तो माणसाच्या नाडीचा ठोका असतो. त्या क्षणी मला कुणाच्या तरी अंगातून वाहणाऱ्या पाण्याच्या काठी बसल्यासारखे वाटते.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. काच फुंकणाऱ्या माणसाने माझी नळी उजेडात धरून एक डोळा मिटून पाहिली होती, एवढेच मला आठवते. एकोणीसशे शहाण्णव साली डॉक्टरांनी मला विकत घेतले. ते आंबिवलीचे. त्यांच्या घरात त्यांच्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेले नव्हते. डोंबिवलीत मानपाड्याला त्यांनी एक गाळा भाड्याने घेतला. एक टेबल, दोन खुर्च्या, एक तपासणीची खाट आणि मी, एवढ्यावर दवाखाना सुरू झाला. जनाबाई पहिल्या महिन्यात नंबर द्यायला आली, ती अजून नंबर देते.

डॉक्टरांचा एक नियम होता. आधी पाच मिनिटे बसायचे. पाय जमिनीला टेकवायचे. आणि पट्टा बांधला की बोलायचे नाही. बोलले की पारा चढतो. एमआयडीसीतले कामगार, भाजीवाल्या, रिक्षावाले, शाळामास्तर, सगळ्यांना हा नियम सारखाच होता. कुणी तोंड उघडले की डॉक्टर बोट वर करत. पुष्कळ माणसांना ती पाच मिनिटे जड जात. काही जण मात्र त्या शांततेत डोळे मिटून घेत. दिवसभरात तेवढाच विसावा त्यांना मिळत असावा.

पुढे डॉक्टरांना विम्याच्या तपासण्यांचे काम मिळाले. पॉलिसी घेणाऱ्याने आधी तपासून घ्यायचे, डॉक्टरांनी फॉर्म भरायचा. मानपाड्यातल्या हजारो माणसांचे आकडे माझ्या नळीवरून त्या फॉर्मवर गेले. एकदा पोपट नावाचा एक रिक्षावाला गुपचूप बीपीची गोळी घेऊन तपासणीला आला. आकडा छान आला. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत पाहिले आणि विचारले, “किती वाजता घेतलीस?”

पोपट म्हणाला, “काय, डॉक्टर?”

“गोळी रे.”

पोपट हसला आणि खाली बघू लागला. डॉक्टरांनी फॉर्म बाजूला ठेवला. “मला फसवशील, विमावाल्यांना फसवशील. तुझ्या बायकोला पैसे मिळायच्या वेळी हा कागदच आडवा येईल. जा, महिनाभर नीट औषध घे, मग ये.” पोपट महिन्याने आला, तेव्हा आकडा खरोखरच उतरलेला होता. त्या दिवशी डॉक्टर माझ्या झाकणावर टिचकी मारून म्हणाले होते, “हा डबा खोटं बोलत नाही.” मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सर्वांत मोठे कौतुक.

नंतर बॅटरीवर चालणारे नवे यंत्र आले. पाऱ्याची उपकरणे आता नकोत, असे सगळीकडे म्हणू लागले. ते खरेच आहे. नळी फुटली तर पारा विषारी असतो. मी कपाटावर गेलो. माझ्यावर धूळ बसली. वरून मला पंखा दिसे आणि पेशंटांची डोकी दिसत. कधी कधी मला स्वप्नात एकाच वेळी पुष्कळ दंड दिसत आणि सगळ्यांच्या नाड्या एकत्र वाजत.

मी खाली उतरलो तो याच आठवड्यात. त्याचे कारण असे.

दवाखान्याच्या वर दोन गाळे रिकामे झाले होते. डॉक्टरांनी ते विकत घेऊन दहा खाटांचे हॉस्पिटल काढायचे ठरवले. नाव ठरले होते, समिधा हॉस्पिटल. समिधा ही त्यांची एकुलती एक मुलगी. वय सत्तावीस, एमबीबीएस झालेली, ठाण्याच्या एका हॉस्पिटलात नोकरी करणारी. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण कर्जाएवढा विमा हवा होता. विम्याच्या कामासाठी येणाऱ्या सुदेशने फॉर्म आणून दिला आणि हसत हसत म्हणाला, “डॉक्टर, आता तुमची पाळी. स्वतःचा फॉर्म स्वतः नाही भरता येणार हां.” म्हणून तपासणी कल्याणच्या डॉक्टर राजरत्न यांच्याकडे ठरली. गुरुवारी, साडेअकरा वाजता.

रविवारी डॉक्टरांनी त्या बॅटरीच्या यंत्राच्या पट्ट्यात सहज हात घातला. यंत्राने एकशे सत्तर दाखवले. त्यांनी सेल बदलले. पुन्हा एकशे सत्तर. “मशीन बिघडलंय,” ते जनाबाईला म्हणाले. “तो जुना डबा काढ.” मी टेबलावर आलो, पण गुरुवारपर्यंत त्यांनी बाही काही वर केली नाही.

तर आता गुरुवार, दहा वाजून पाच मिनिटे.

समिधाने पट्टा बांधला. फुगा दाबला. पारा दोनशेपर्यंत गेला आणि उतरू लागला. त्याने पहिली उचकी एकशे बहात्तरवर दिली. तिच्या कानातल्या स्टेथोस्कोपमध्ये ठोका ऐकू येणे थांबले ते एकशे सहावर.

“घाईत घेतलास,” डॉक्टर म्हणाले. “मी आत्ता जिना चढून आलोय. आणि रिक्षावाल्याशी वाद—”

“मग बसा ना पाच मिनिटं,” समिधा म्हणाली. “नियम तुमचाच आहे. पाय टेकवा.”

“अगं, पण राजरत्नकडे पोचायला—”

“डाक्टर, तोंड उघराचा नाय,” जनाबाई दाराशी उभी राहून म्हणाली. “पट्टा बांदलाय. माज्या घरवाल्याला असाच दटावलेला तुमी.”

डॉक्टर गप्प झाले. समिधाने घड्याळाकडे पाहिले. मग ती बोलू लागली. तिने ठरवून केले असावे, असे मला वाटत नाही. वडील गप्प बसले आहेत, ही गोष्ट तिला बहुधा प्रथमच सापडली होती.

“पप्पा, मिरजेला एमडीची सीट मिळालीय मला. मेडिसिनची. सोमवारी जॉइन व्हायचंय. मी दोनदा सांगायला आलेले. एकदा तुम्ही म्हणालात, नंतर बोलू. दुसऱ्यांदा तुम्ही मला गाळ्याचा नकाशा दाखवलात.”

डॉक्टरांनी तोंड उघडले. जनाबाईने बोट वर केले. अगदी त्यांच्यासारखेच.

“तुम्ही सगळ्यांना सांगता, पोरीची सोय करतोय. पंधरा वर्षांचे हप्ते आहेत. तुम्ही छप्पन्नचे. म्हणजे एकाहत्तराव्या वर्षापर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ ओपीडी. तुम्हाला रजा नाही, पेन्शन नाही. मागे डेंग्यू झालेला तेव्हा अठरा दिवस दवाखाना बंद होता. त्या अठरा दिवसांत किती मिळालं? काहीच नाही. उद्या तुम्ही आडवे पडलात तर हप्ते कोण भरणार? मीच ना? मग मिरज नाही, काही नाही, वर जाऊन बसायचं त्या दहा खाटांवर. ही माझी सोय आहे का, पप्पा?”

मित्रांनो, पट्ट्यात हवा नव्हती, तरी त्या दंडाची धडधड माझ्या रबरी नळ्यांपर्यंत येत होती. आधी ती वेगात होती. मग जड झाली. मग खाडीला ओहोटी लागते तशी लांब लांब गेली.

“मला तुमचा राग नाहीये,” समिधा म्हणाली. तिचा आवाज आता उतरला होता. “आंबिवलीहून इथवर तुम्ही एकटे आलात. तुमच्यासाठी कुणीच काही करून ठेवलेलं नव्हतं, म्हणून तुम्हाला माझ्यासाठी सगळं करायचंय, कळतं मला. पण तीन वर्षांनी मला काय करायचंय ते मलाच अजून माहीत नाही. तोवर तुम्ही कर्जासाठी नाही, स्वतःच्या आजारपणासाठी विमा काढा, थोडे पैसे बाजूला ठेवा, आणि संध्याकाळची ओपीडी आठवड्यातून दोन दिवस बंद करा. एवढं केलंत ना, तर ती माझी सोय.”

“झाली पाच मिन्टं,” जनाबाई म्हणाली.

पारा पुन्हा चढला आणि उतरला. एकशे चौसष्ट, एकशे दोन. तिसऱ्यांदा एकशे साठ, शंभर. समिधाने तिन्ही आकडे कागदावर लिहिले आणि कागद वडिलांकडे सरकवला.

डॉक्टर आता बोलू शकत होते. पण त्यांनी टेबलाचा खण ओढला. त्यात औषध कंपन्यांच्या माणसांनी दिलेल्या नमुन्याच्या गोळ्या असतात. त्यांनी बीपीच्या गोळ्यांचे एक पाकीट काढले आणि तळहातावर धरले. साडेअकराला अजून तासभर होता. एका गोळीने राजरत्न यांच्या यंत्रावर आकडा थोडा तरी खाली आला असता. समिधा बघत होती. जनाबाईही बघत होती. मी माझी नळी उभी करून बसलो होतो.

“पोपट्याला काय काय बोललो मी,” डॉक्टर पुटपुटले. त्यांनी पाकीट खणात टाकले आणि फोन लावला.

“राजरत्न, येतोय मी साडेअकराला. फॉर्म आणत नाहीये. पेशंट म्हणून येतोय. हो, हो, मीच. हस तू. फी घे, पण नीट तपास.”

मग बाहेरच्या नऊ जणांना जनाबाईने सांगितले, “डाक्टर डाक्टरकडं चाललेत.” बाकावर मोठा हशा पिकला. एक म्हातारी म्हणाली, “बगा, मंजे त्ये पन मानूसच हाय.”

डॉक्टर सव्वा वाजता परत आले. रोज एक गोळी, ईसीजी, रक्ताच्या तपासण्या आणि पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवणे, असा कागद त्यांच्या खिशात होता. विम्याचा कोरा फॉर्म तेव्हापासून टेबलावर काचेखाली आहे.

मित्रांनो, माझी काळजी घेणे सोपे आहे. मला आडवे ठेवू नका, माझी काच फुटू देऊ नका, आणि माझे दिवस संपले की पारा कचऱ्यात न टाकता जिथे द्यायचा तिथे नेऊन द्या. तुमच्या घरात दुसऱ्यांची काळजी घेणारे कुणी असेल, तर त्याला मात्र अधूनमधून खुर्चीत बसवा आणि त्याचा आकडा विचारा. तो स्वतःहून सांगणार नाही. आणि त्याने तुमच्यासाठी काय ठरवून ठेवले आहे, तेही वेळेवर विचारा.

आज शनिवार आहे. गाळ्यांसाठी कर्जाआधी स्वतःच्या खिशातून द्यायची पहिली रक्कम भरायची मुदत आज संध्याकाळी सहाची आहे. समिधाने बॅग भरली आहे, तिची मिरजेची गाडी उद्या आहे. आता पाच वाजून चाळीस मिनिटे झाली आहेत. माझ्या शेजारी चेकबुक उघडे आहे. चेकवर तारीख आणि बिल्डरचे नाव लिहिलेले आहे, सही नाही. डॉक्टरांनी पेन उचलले, एकदा छताकडे, त्या वरच्या गाळ्यांच्या दिशेने पाहिले, सही न करता पेन खाली ठेवले आणि जनाबाईला अकरा नंबरच्या पेशंटला आत पाठवायला सांगितले.