चौदा हजार तास

इंगविल हॉकोस नॉर्वेतल्या बर्गनमध्ये माहितीपटांचं संकलन करते. तीन वर्षं ती मासळी डबाबंद करणाऱ्या एका बंद पडलेल्या कारखान्यातल्या बायकांवर फिल्म करत होती. संकलनासाठीचा नवा कॉम्प्युटर तिला फेब्रुवारीत टोरगायरने जोडून दिला. सव्वीस वर्षांची मैत्री. तिचा नवरा गेला तेव्हा पंधरा दिवस तोच तिच्याकडे येऊन माशाचं सूप शिजवत होता. त्यामुळे सगळ्यात वेगवान डिस्क घातलीय असं तो म्हणाला, तेव्हा तिने कॉम्प्युटरचा डबा उघडून बघितलासुद्धा नाही.

पण मशीन पहिल्या आठवड्यापासून रखडत होतं. कॉपी सुरू झाली की मिनिटभर सुसाट, मग एकदम धाप लागल्यासारखी. चित्रणाची दुसरी प्रत करायची म्हणजे अख्खा दिवस जायचा, म्हणून ती रोज उद्यावर टाकत राहिली.

टोरगायर आला, शेजारी खुर्ची ओढून बसला, दोन-तीन चाचण्या केल्या.

"डिस्क गच्च भरलीय गं. भरली की मंदावणारच. ते कच्चं चित्रण काढून टाक."

"आणि लागलं तर?"

"चाळीस तासांतलं तू वापरणार किती? काही टाकवत नाही तुला, हीच तुझी खोड."

कॅमेऱ्याची कार्डं केव्हाच पुन्हा वापरून झाली होती, म्हणजे ते चित्रण दुसरीकडे कुठेच नव्हतं. तरी तिने पुसलं. वेग तसूभर वाढला नाही.

एप्रिलमध्ये फिल्ममधल्या बोर्गहिल्ड आजी वारल्या. त्यांच्या सहा तासांच्या गप्पांपैकी संकलनात बसलेली चार मिनिटं तेवढी उरली होती.

शेवटी इंगविलने आपल्या ओळखीच्या तंत्रज्ञ बाईला, ऊडनीला बोलावलं. ऊडनीने डिस्कचं तापमान बघितलं, ती दुसऱ्या खाचेत लावून बघितली. वेग तोच. मग तिने डिस्कची स्वतःची नोंद उघडली.

"मशीन कधी घेतलंस?"

"फेब्रुवारीत."

"आत्ता मे चालू आहे. मग ही चौदा हजार तास कशी चालली?"

तिने डिस्क बाहेर काढली आणि लेबलखाली नख घातलं. लेबल सहज निघालं. खाली दुसऱ्याच, स्वस्त कंपनीचं जुनं लेबल होतं.

"पुसलेलं परत मिळेल?" इंगविलने विचारलं.

"नाही गं. पुसलं की या डिस्का ती जागा आतल्या आत साफ करून टाकतात."

इंगविल तशीच टोरगायरकडे गेली. तो वाफल भाजत होता.

"अगदी वेळेवर आलीस! बस."

तिने डिस्क ओट्यावर ठेवली. त्याने ती बघितली आणि वाफलचा साचा बंद केला.

"माझी डिस्क तुझ्याकडे आहे ना? तुझ्या मशीनमध्ये?" तिने विचारलं.

"मी बदलून देणारच होतो. माझं एक काम अडलं होतं, थोडे दिवस फक्त. मला वाटलं, तुला फरक कळणार नाही."

"फरक कळला म्हणूनच तुला बोलावलं होतं. तू शेजारी बसून चाचण्या केल्यास. तुला माहीत होतं, टोरगायर. आणि तरी मला पुसायला लावलंस."

"अगं, तू खरंच पुसशील असं..."

"तू सांगितलंस म्हणून पुसलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर नसतं पुसलं."

त्याने मान खाली घालून आपलं मशीन उघडलं आणि तिची डिस्क काढून दिली. अजून गरम होती. वाफल करपल्याचा वास येत होता. ती डिस्क घेऊन निघून आली. त्यानंतर तिने त्याचा फोन घेतला नाही.

परत मिळालेल्या डिस्कवर फिल्म महिन्याभरात पूर्ण झाली. पहिल्या खेळानंतर बोर्गहिल्ड आजींची मुलगी डोळे पुसत तिच्याकडे आली.

"आईचं बाकीचं बोलणं मिळेल का? सहा तास बोलली होती म्हणे तुमच्याशी."

"नाही राहिलं ते."

"अरेरे. कसं गेलं?"

टोरगायरचं नाव इंगविलच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"मी पुसलं," ती म्हणाली.