डेलमारचा रिपोर्ट

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डेलमारने चाळीस वर्षं मका पिकवला आणि तणनाशकं स्वतःच्या हाताने फवारली. बायको गेल्यापासून घरात तो एकटाच होता. शेतकऱ्यांच्या तब्येतीच्या पाहणीसाठी नर्स येऊन त्याचं रक्त घेऊन गेली, आणि महिन्याभराने डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं.

"रक्तात एक नको ते प्रोटीन दिसतंय. हा कॅन्सर नाही. पुढेमागे होऊ शकतो, पण बहुतेकांना होत नाही. दरवर्षी तपासत राहू. तुमच्या वयाच्या, फवारणी केलेल्या शेतकऱ्यांत हे बरंच आढळतं."

त्या रात्री त्याने दूर राहणाऱ्या मुलीला फोन केला, पण हवापाण्यापलीकडे जीभ रेटली नाही.

सकाळी गावातल्या हॉटेलात नेहमीचे म्हातारे कॉफीला जमले. बाकीचे उठून गेल्यावर शेजारच्या शेतातला वेंडेल तेवढा उरला. डेलमारने कपाकडे बघत त्याला सगळं सांगितलं.

वेंडेलने आपला कप बाजूला सारला. मग म्हणाला, "मलाही हेच आहे. तीन वर्षं झाली."

"आणि बोलला नाहीस? रोज समोर बसतोस, लेका."

"काय सांगायचं? दुखत नाही, खुपत नाही. बायकोलाही सांगितलं नाही. उगाच घाबरून बसायची."

डेलमारने विचारलं, "पुढची तपासणी कधी?"

"कापणी झाल्यावर."

"माझीही तेव्हाच आहे. एकाच गाडीने जाऊ."

वेंडेलने होकारार्थी मान डोलावली. दोघांनी आणखी एकेक कप कॉफी मागवली. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी दुपारपर्यंत कोणी उठलं नाही.