तिघांचं पाचारण

आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणाला देवाच्या सेवेला पाठवायचं तर एकट्या माणसाला पाठवत नाहीत. नवरा, बायको, कळती मुलं, सगळ्यांनी वेदीपुढे उभं राहायचं आणि एकेकानं साक्ष द्यायची, की देवानं मलाही बोलावलं आहे. कुणाला मनाविरुद्ध फरफटत नेलं जाऊ नये म्हणून ही पद्धत घातली म्हणे. माझी फरफट चालली होती ती याच पद्धतीपायी.

हाक आली ती आमच्या मिस्टरांना, सुकलालना. ते यावलच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर जन्मले, वसतिगृहात शिकले आणि जळगावात पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर झाले. गेल्या उन्हाळ्यात त्यांचे काका, वेस्ताबाबा, वारले. पाड्यावरची चार घरं बाबांच्या ओट्यावर जमून प्रार्थना करायची. बाबा गेल्यावर तिथे शास्त्र वाचून दाखवणारं कुणी उरलं नाही. माती देऊन परतताना सुकलाल एसटीत रडले आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाले, "हेमा, देव मला परत बोलावतोय."

मी धुळ्याची, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातली. पाचारण हा शब्द लहानपणापासून कानावर पडलेला. पण हाक दुसऱ्यांना येते आणि आपण त्यांना हार घालून निरोप देतो, अशी माझी सोयीची समजूत होती. मी इथल्या एका दवाखान्यात नर्स आहे, बाळंतिणींचा वॉर्ड माझ्याकडे असतो. तो वॉर्ड मला जिवापाड आवडतो, हे देवाला ठाऊक नाही का? शलोमी, आमची मुलगी, नववीत. पाड्याजवळची शाळा सातवीत संपते. हे सगळं मी सुकलालना सुनावलं. ते भांडले असते तर बरं झालं असतं. ते आपले म्हणायचे, "तू प्रार्थना कर. तुलाही ऐकू येईल."

केली की! गुडघे दुखेपर्यंत केली. कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली.

शेवटी धुळ्याला आईला फोन लावला. आई, कमलबाई, एकटी राहते आणि कुणाच्या बापाला भीत नाही. म्हणाली, "पोरी, देवनी हाक नवराना कानघाई ऐकू येस का? तुले उनी नही ते उनी नही." मला आली नाही तर नाही आली, एवढं बोलली आणि रडायला लागली. नवऱ्याचं मन मोडू नये, हेही मला तिनंच शिकवलं होतं.

ते मला मोडायचं नव्हतंच. हा माणूस स्वतःसाठी कधी चहासुद्धा मागत नाही. पहिल्यांदाच काहीतरी मागत होता. म्हणून मी ठरवलं, खोटं बोलायचं. भाकरी थापता थापता साक्ष पाठ करू लागले. "बाळ हातात घेतलं तेव्हा प्रभू मला म्हणाला, माझी लेकरं डोंगरातही जन्मतात, त्यांच्याकडे कोण जाणार?" वाक्य झकास जमलं होतं. मलाच माझी किळस आली.

तो रविवार उजाडला. आम्ही तिघं वेदीपुढे उभे राहिलो. सुकलाल थोडकंच बोलले, तेही अडखळत. मग पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तोच शलोमी पुढे झाली.

"शाळेत प्रार्थना चालू होती," ती म्हणाली, "तेव्हा प्रभू मला म्हणाला, शलोमी, माझी लेकरं डोंगरातही जन्मतात, त्यांच्याकडे कोण जाणार?"

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पहिल्या बाकावरची बेबाबाई तर "हालेलुया!" म्हणून उभीच राहिली. स्वयंपाकघरातली माझी सगळी पुटपुट पोरीनं ऐकली होती. ती माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "मी बोलले ना, आता तू नुसतं आमेन म्हण."

आईवर खोटं बोलायची पाळी येऊ नये म्हणून पोर स्वतः खोटं बोलली होती, तेही देवाच्या घरात. आमेन माझ्या तोंडातून निघेना. मला भयंकर राग आला. माझा, मंडळीचा, आणि खरं सांगते, देवाचासुद्धा.

"पाळकसाहेब," मी म्हटलं, "हे वाक्य माझं आहे. मी घरात रचलं, पोरीनं ते ऐकलं. हाक मला आलेली नाही, तिलाही नाही. ज्यांना आली ते हे उभे आहेत."

पाळकसाहेब म्हणाले, "आपण प्रार्थना करू या." आमच्यात काही सुचलं नाही की हेच म्हणतात. डोक्यावर हात ठेवून पाठवण्याचा विधी राहून गेला.

बाहेर आल्यावर शलोमी माझ्यावर फुटली. "मी तुझ्यासाठी केलं, आणि तू सगळ्यांसमोर मला खोटारडी ठरवलंस!" मी जवळ घ्यायला गेले तर हात झटकून ती फाटकाकडे निघून गेली.

सुकलाल गाडीजवळ उन्हात उभे होते. मी म्हटलं, "तुम्ही जा पाड्यावर. आम्ही दोघी इथे राहतो, सुट्ट्यांत येत जाऊ. माझ्यामुळे थांबू नका."

ते रागावलेले नव्हते. गाडीच्या सीटवर हात फिरवत म्हणाले,

"एसटीत ऐकलं, त्यानंतर मला परत काहीच ऐकू आलं नाही, हेमा. वाटायचं, बाबांच्या दुःखात भास झाला असेल. म्हणून तुम्हा दोघींकडे डोळे लावून बसलो होतो. तुम्हाला आली तर माझीही खरी."

"मग तसं सांगायचं नाही का मला?"

"सांगितलं असतं तर तू मुद्दाम हो म्हणाली असतीस."

मी फाटकाकडे, शलोमी गेली होती तिकडे पाहिलं.

"मघाशी शलोमी बोलली," ते म्हणाले, "तेव्हा माझी खात्री पटली होती. तू आमेन म्हणाली असतीस तर मी जन्मात मागे वळून पाहिलं नसतं."

हे त्यांनी माझे आभार मानून म्हटलं की मला दोष देऊन, ते कळलं नाही. विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.