एर्माच्या वर्षाचा दगड

अगं, ऐक तर आधी, मग बोल. तळ्याकडच्या उतारावर राहते ना आमची एर्मा, तिचं काय झालं ते सांगते.

तिच्या पणजीची दोन खाचरं. पणजीला मुली, मुलींना मुली, असं करत करत आता अकरा बायका त्या शेताच्या मालकिणी. जमीन मुलींची, आणि तुकडे करायचे नाहीत. केले असते तर एकेकीला चटई अंथरण्याएवढी जागा आली असती. म्हणून वर्षं वाटलेली. यंदा हिचं, पुढल्या साली तिचं. मागच्या खेपेला ते एर्माच्या आईचं होतं, तेव्हा एर्माचं लग्नसुद्धा झालं नव्हतं. आता आई गेली, आणि अकरा वर्षांनी तिचं वर्ष आलं.

मधली दहा वर्षं काय, तर दुसऱ्यांच्या चिखलात लावणी करायची, आणि नवरा दार्लिस डोंगरात दालचिनीची साल सोलायला. तिची वेल्ना नऊ वर्षांची झाली, घरच्या तांदळाचा भात तिला माहीतच नव्हता.

तर वर्ष आलं आणि एर्मा शेतावर गेली. वरच्या खाचराचा बांध ओढ्याच्या बाजूने फुटलेला. कधीपासून? कुणालाच आठवत नाही. जिचं वर्ष असेल ती केळीचे दोन खुंट आडवे टाकते, वर चिखल थापते, कापणीपर्यंत टिकलं की झालं. पुढच्या सालचं पुढची बघेल. शेणखताचंही तेच. मी टाकायचं आणि पीक दुसरीने न्यायचं, असं कोण करतं?

दार्लिस केळीचा खुंट खांद्यावर घेऊन आलाच होता. एर्मा म्हणाली, "तो ठेवा खाली. दगड लावू."

"दगड? कुठले?"

"ओढ्यातले."

"आणि वाहणार कोण?"

"तुम्ही. मी रचते."

"अगं, एका वर्षासाठी?"

"एका कशाला? आपण एवढं केलं तर सारुद्दीन मामा आणखी एक साल देतील की. द्यायलाच पाहिजे."

हे तिने स्वतःच ठरवलं, बरं का. कुणाला विचारलं नाही, काही नाही. तीच तिची चूक म्हण.

वीस दिवस दार्लिस डोंगरात गेला नाही. दगड वाहून खांदे सोलून निघाले. घरात तळ्यातली मासळी आणि मिरची, दुसरं काही नाही. रस्त्यावरून जाणारे बोलायचेच. "काय रे दार्लिस, मशीद बांधतोस का?" "बायकोच्या पणजीचं शेत, आणि जावई गाढव!" तो म्हणायचा, "तुम्ही तरी कुठे स्वतःच्या शेतात राबता? आपण सगळेच जावई." आणि पुढचा दगड उचलायचा.

पण बांध असा झाला, अगं, की थेंब गळत नव्हता. जिथे तीस पोती भात यायचं तिथे बावन्न आलं. वेल्नाने नुसता भात खाल्ला, कोरडा, तीन वेळा मागून.

मग कापणीनंतर सगळ्या जणी पणजीच्या मोठ्या घरात जमल्या. सारुद्दीन मामा मधे बसलेले. आईचे भाऊ ते, शेताचा निवाडा त्यांच्याकडे. एर्माने सरळ विचारलं, "मामा, आणखी एक साल द्या मला. बांध मी घातला."

मामांनी कॉफीचा घोट घेतला. "पुढलं साल कुणाचं आहे?"

कोपऱ्यातून नूरबैती म्हणाली, "माझं." ही एर्माची मावसबहीण, वयाने मोठी. नवरा वारलेला, पोरं तीन.

"ताई, तू एकच साल थांब," एर्मा म्हणाली.

"दहा थांबले की. आता अकरावं थांबू?"

मामा म्हणाले, "एर्मा, आज तुला दिलं तर उद्या जिच्या घरात दगड उचलणारा गडी आहे तिचंच शेत होईल. हिच्या घरात कोण आहे दगड उचलायला?"

एर्माला ते पटलंसुद्धा. म्हणूनच तिला जास्त राग आला. "मग माझ्या बांधाचं काय?" ती म्हणाली.

मामांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "जमीन सगळ्यांची. दगड तुझे. न्यायचे तर ने. कुणी तुला चोर म्हणणार नाही."

बघ ना, काय निवाडा तो!

दुसऱ्या दिवशी सकाळी दार्लिसने पहार काढली. म्हणाला, "चुलीमागची भिंत पडायला आलीये. दगड आपलेच आहेत, मामा बोललेत." दोघं शेतावर गेली. खालच्या कोपऱ्यात नूरबैती रोपांसाठी चिखल करत होती. तिने पहार बघितली. हात मात्र थांबवला नाही.

दार्लिसने पहार एर्माच्या हातात दिली. "रचलेस तू. काढ तूच."

एर्माने वरचा एक दगड सैल केला, उचलला. तिथून पाणी झिरपायला लागलं. ती बघत उभी राहिली. आपलं वर्ष परत येईल तेव्हा वेल्ना वीस वर्षांची असेल, आणि तोवर हा बांध दहा जणींना पोसेल. असंच काहीतरी मनात आलं असणार.

मग तिने तो दगड डोक्यावर घेतला आणि घरी निघाली. एकच. दार्लिस मागून म्हणतोय, "अगं, बाकीचे?" ती थांबलीच नाही.

तो दगड आता तिच्या पायरीला आहे. मी परवा त्यावर पाय पुसले.

आणि बांधात त्या जागी नूरबैतीने केळीचा खुंट ठोकला. त्याला आता दोन वर्षं झाली. खुंट कुजला, शेजारचे चार दगड ओढ्यात गेले, भोक रेड्याच्या डोक्याएवढं झालंय. यंदा जिचं वर्ष आहे ती म्हणते, "माझं साल चार महिन्यांत संपतंय, मी कशाला हात लावू?"

गावात अर्धे म्हणतात, एर्माने सगळे दगड न्यायचे होते, भिंत तरी उभी राहिली असती. अर्धे म्हणतात, एकालाही हात लावायचा नव्हता. पहार तुझ्या हातात असती, तर तू काय केलं असतंस गं?