टिनकपच्या वहीतलं तेरा मार्चचं पान

मार्चचा शेवटचा शनिवार होता. मोहावीच्या वाळवंटात जिथे एरवी नजरेला धूळच दिसते, तिथे पिवळ्या फुलांचा सडा पडला होता, आणि कच्च्या रस्त्याच्या टोकाला उभ्या असलेल्या अकरा माणसांपैकी एकाचंही त्याकडे लक्ष नव्हतं. सगळ्यांचं लक्ष हार्लन प्रुइटच्या गुडघ्याकडे होतं.

हार्लन बाहत्तर वर्षांचा. चाळीस वर्षं त्याने औषधांचं दुकान चालवलं आणि गोळ्या मोजाव्यात तितक्या काळजीने शिखरं मोजली. डोंगरमंडळाच्या यादीत वाळवंटातली नव्व्याण्णव शिखरं होती आणि त्यातली अठ्ठ्याण्णव त्याची झाली होती. उरलं होतं टिनकप. दहा दिवसांनी त्याचा डावा गुडघा बदलायचा होता आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की त्यानंतर डोंगर विसरायचे, सपाट जमिनीवर फिरायचं. तेव्हा जे काही व्हायचं ते आजच.

"गुडघा काय म्हणतो?" गटप्रमुख नोरीनने विचारलं. ती शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. माणसं मोजल्याशिवाय पाऊल टाकत नसे.

"त्याला मी विचारलेलं नाही," हार्लन म्हणाला.

"नको विचारूस. खरं बोलेल तो," मेल म्हणाला.

मेल ऑस्ट्रँडर हा हार्लनचा जुना सोबती. यादी पुरी करणाऱ्याला मंडळ पितळी बिल्ला देत असे. मेलच्या टोपीवर तो अकरा वर्षांपासून चमकत होता. त्यानंतर मेल प्रत्येकाच्या चुका काढण्याच्या कामाला लागला. कुणाचं शिखर खरं, कुणी माथ्याच्या दोन हात खालीच समाधान मानलं, याचा निवाडा तो न मागता देई.

चढण सुट्या दगडांच्या घसाऱ्याची होती. दोन पावलं वर, एक खाली. निवडुंगाचे काटे पोटऱ्यांना चिकटत. ब्रिन नावाच्या तरुण दंतवैद्य बाईच्या पाठीवर केकचा डबा होता. शेवटच्या शिखरावर केक कापायचा हा मंडळाचा रिवाज, आणि हा केक हार्लनच्या बायकोने, लोरेनने केला होता.

"ब्रिन, सरळ चाल. केक कलतोय," मेल मागून म्हणाला.

"तुम्ही घ्या ना मग."

"मी देखरेख करतो."

साडेबाराला माथा आला. हार्लन शेवटची शिळा हातापायांवर चढला, पण चढला. टाळ्या झाल्या. दगडांच्या राशीखाली गंजका पत्र्याचा डबा होता आणि त्यात शिखरवही. येणारा प्रत्येक जण तिच्यात सही करतो. इतर लोक मागचं कोरं पान उघडून सही ठोकतात आणि खायला बसतात; यादी पुरी करणाऱ्याला मात्र वही सुरुवातीपासून निवांत चाळायचा मान असतो. वाळवंटातल्या कोरड्या हवेत कागद टिकतो, आणि टिनकपवर वर्षाकाठी मोजकीच माणसं येतात, त्यामुळे ती वही पन्नास वर्षं पुरली होती.

हार्लन बसला आणि पानं उलटू लागला. तेरा मार्च एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या पानावर त्याचं बोट थांबलं.

'हॅकेट शिखर. तुफान हिमवर्षाव, हाताचं बोट दिसत नाही. होकायंत्राने स्थान निश्चित केले आहे. गटप्रमुख, एम. ऑस्ट्रँडर.' खाली, थंडीने वाकडी झालेली त्याची स्वतःची सही.

हॅकेट समोरच होतं. डोंगराच्या याच कण्यावर, मधली खिंड ओलांडून मैलभर पलीकडे, उन्हात लख्ख. अडतीस वर्षांपूर्वी त्या बर्फात ते हॅकेटला निघाले होते, आणि चढले होते टिनकप. टिनकप आधीच झालेलं होतं. हॅकेटवर त्याने कधी पाऊलच ठेवलं नव्हतं.

पलीकडे ब्रिन वाऱ्याला पाठ करून मेणबत्ती लावत होती. हार्लनने वही मिटली. मिटली की प्रश्न मिटत होता: नव्व्याण्णव सह्या, बिल्ला, केक. कोणाचं काय जाणार होतं? तो मनाशी हे सगळं रीतसर मांडू लागला, आणि मांडता मांडता त्याच्या ध्यानात आलं की दुकानात एखाद्याने चुकीची बाटली नेली असती, तर तो त्याच्या घरापर्यंत धावत गेला असता.

"मेल," तो म्हणाला, "इकडे ये. हे वाच."

मेलने चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"कुणीतरी हॅकेटची वही इथे आणून ठेवली असणार," तो म्हणाला.

नोरीनने वही घेतली आणि मागची-पुढची पानं पाहिली. "मग बाकी सगळे टिनकप का लिहितात? आणि हे बघ, तू स्वतः नंतर येऊन टिनकप म्हणून सही केली आहेस. या पानापासून चारच पानांवर."

"नंतरच्या वेळी ऊन होतं. वेगळंच दिसतं ऊन असलं की."

"हॅकेटला पुन्हा कधी गेला होतास?"

मेलने टोपी काढली आणि बिल्ल्याकडे, इतरांच्या शिखरांकडे पाहत असे तसं, पाहिलं.

"म्हणजे दोघांचीही अठ्ठ्याण्णवच," ब्रिन म्हणाली आणि मेणबत्ती विझवली. "केक कापायचा की नाही?"

"शेवटच्या शिखरावर कापतात," मेल गुरगुरला. "रिवाज आहे."

घड्याळात एक वाजत होता. नोरीनने हिशेब सांगितला: खिंडीपर्यंत सगळे जाऊ, तिथून गाड्यांकडे उतरायला सोपी घळ आहे. तिथे गुडघा जे म्हणेल ते ऐकायचं. एकटं कुणी कुठे जायचं नाही.

खिंडीपर्यंतची उतरण हार्लनने बरीचशी बसूनच केली. मेल त्याच्या पुढे राहिला आणि दर दहा पावलांनी पाय टेकवायला दगड दाखवत गेला. या वेळी एकही चूक काढली नाही, आणि हार्लनला तेच जास्त खटकलं.

खिंडीत पोहोचेपर्यंत गुडघा कलिंगडासारखा सुजला होता. नोरीनने पट्टी गुंडाळली.

"बस्स," ती म्हणाली. "यापुढे तुला वर नेणं म्हणजे मला हेलिकॉप्टर बोलवायला लागणं."

समोर हॅकेट होतं, पाऊण तासाचं. हार्लनने त्याच्याकडे पुरेसा वेळ पाहिलं. मग त्याने पाण्याची बाटली तोंडाला लावली.

"मेल, तू जा."

"छे. तुला टाकून कसा जाऊ?"

"मला टाकून नाही, नोरीनपाशी ठेवून. जा रे."

"नाही, नाही. मला ते शोभणार नाही," मेल म्हणाला, आणि हे म्हणताना बुटाची नाडी घट्ट करत होता. "किती वाजेपर्यंत परत यायचं, नोरीन?"

"साडेतीन. ब्रिन, तू जा त्याच्याबरोबर. आणि होकायंत्र तू धर."

दोघं गेली. उरलेल्या नऊ जणांनी खिंडीत बसून केक कापला. रिवाज मोडला, पण डबा उघडताक्षणी कुणाला रिवाज आठवला नाही. हार्लनने दोन तुकडे खाल्ले. एक स्वतःचा, एक मेलचा. कण्यावर टोपीएवढा मेल चढत होता, आणि दोन वाजून चाळीस मिनिटांनी माथ्यावर पोहोचून तो दोन्ही हात हलवू लागला. खालच्यांनीही हात हलवले. हार्लनने सगळ्यांत शेवटी हलवला.

खिंडीत फोनला सिग्नल होता. लोरेनने पहिल्याच घंटीला उचलला.

"झाली यादी?"

"नाही. एक राहिलं."

तिच्या पाठीमागे भांडी वाजत होती. संध्याकाळी शेजारी जेवायला येणार होते.

"एकच तर होतं," ती म्हणाली. "तेच तर चढायला गेला होतास."

"ते चढलो. पण ते आधीच झालं होतं. हॅकेट राहिलं. लांबलचक गोष्ट आहे."

"अडतीस वर्षांपूर्वी घरी येऊन हॅकेटच्या बर्फाची लांबलचक गोष्ट सांगितली होतीस तू. मी दोनदा ऐकली."

"ती टिनकपची होती."

"बरं," लोरेन म्हणाली. "पाय कसा आहे?"

"वाईट."

"आणि तू?"

हार्लनने हॅकेटकडे पाहिलं. मेल उतरायला लागला होता, एकेक पाऊल जपून.

"डॉक्टर म्हणाले सपाट जमीन," तो म्हणाला. "म्हणजे हे राहिलं ते राहिलंच. ठीक आहे. ठीक होईल." मग म्हणाला, "मेलला जेवायला आणू का? त्याने आत्ताच हॅकेट केलं, त्याची यादी झाली."

"आण की," लोरेन म्हणाली. "कोणाची तरी झाली ना. यादी झाली असंच मी सगळ्या शेजाऱ्यांना सांगून बसले आहे."