सुकी फांदी कापायची नाही

एक मीटर तीस

झाड मोजायचं तर त्याला मिठी मारावी लागते. जमिनीपासून एक मीटर तीस सेंटिमीटरवर पांढऱ्या रंगाचा पट्टा असतो, त्या पट्ट्यावरून फीत फिरवायची, आणि फीत फिरवायची तर गाल सालीला टेकतोच. अक्रोड जुना असला की एका माणसाचे हात पुरत नाहीत. मग पलीकडे दुसरा माणूस लागतो. तो फितीचं टोक धरून परत आपल्या हातात देतो.

सोनुनबूच्या पलीकडे तिचा दीर असायचा.

तेरेकसूच्या वरच्या जंगलात असे मोजायचे एकतीस प्लॉट आहेत. जंगल कचेरीनं ते सोनुनबूच्या हाती दिलेले. कुठला कोणत्या साली मोजायचा, कुणाच्या गुरांनी कुंपण पाडलं, कुठल्या झाडाचा पत्र्याचा बिल्ला कुणी उपटून नेला, सगळं तिनं बघायचं. गावात म्हणायचे, आमच्या पोरांना दाखला मिळवायला हेलपाटे घालावे लागतात आणि सोनुनबूच्या झाडांना बसल्या जागी नंबर मिळतो. हे तिच्या तोंडावर म्हणायचे. तीही हसायची.

प्लॉटात अक्रोड वेचायला बंदी नव्हती. कापायला होती. हिरवं नाही, वाळलेलं नाही, पडलेलं काटूकही नाही. बाकीच्या जंगलात माणसं वर्षभर काही ना काही तोडतच असतात. जंगल स्वतःच्या मनानं काय करतं ते बघायला एवढेच तुकडे उरलेत, असं ती सांगायची. एकदा एका विधवेला तिनं काटक्यांची मोळी परत नेऊन ठेवायला लावली होती. गाव ते विसरलेलं नव्हतं.

नऊ मीटर

सप्टेंबर संपता संपता अख्खं गाव जंगलात राहायला जातं. तंबू, कढया, गाई, म्हातारे. तरुण वर चढतात आणि पायांनी फांद्या हलवतात, बायका खाली वेचतात, सगळ्यांचे हात सालपटांनी काळे होतात ते महिनाभर लपवता येत नाहीत. दर वर्षी खोऱ्यात कुणीतरी पडतं. कुणीतरी म्हणजे दुसऱ्या गावातलं, असं धरून आपण चालतो.

त्या वर्षी सोनुनबूचा दीर पडला. प्लॉट सतरा. नऊ मीटरवर सुकी फांदी हाताशी आली, त्यानं धरली, ती तुटली.

खाली त्याची आई वेचत होती.

पोलिसानं नाव विचारलं तेव्हा सोनुनबू म्हणाली, मिर्झा. आडनाव? तेही मिर्झा. पोलीस वैतागला. आमच्याकडे सून सासरच्या माणसांची नावं घेत नाही, दिराचंही नाही, स्वतः एखादं नाव ठेवते आणि जन्मभर तेच घेते. ती लग्न होऊन आली तेव्हा मिर्झा सहा वर्षांचा होता. तिला मूल झालं नाही. त्याचं नाक तिनं पुसलं, त्याच्या चपला तिनं शोधल्या, कचेरीत फीत धरायच्या कामावर तिनंच त्याला लावलं. शेवटी शेजारीण पुढे झाली आणि म्हणाली, एर्मेक. लिहा, एर्मेक.

जमीन

अंगणात युर्त, लोकरीचा गोल तंबू, उभं केलं. बायका आत भिंतीकडे तोंड करून शोक गात होत्या, पुरुष बाहेर काठ्यांवर वाकून. सोनुनबूचा नवरा नोवोसिबिर्स्कहून आला. तिकडे तो इमारतींवर काम करतो. भावाला माती दिली आणि ठेकेदाराचे फोन यायला लागले तसा परत गेला.

चाळीसाव्या दिवसाच्या जेवणाला घोड्याचं मांस वाटलं जात होतं. उल्कान, मिर्झाची आई आणि सोनुनबूची सासू, बायकांच्या बाजूला बसून होती. पुरुषांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, "ते झाड पाडा."

अशी काही रीत नाही. पण कुणी नाही म्हणालं नाही. सगळे सोनुनबूकडे बघायला लागले, कारण झाड प्लॉटातलं होतं.

पुन्हा नऊ मीटर, पण एप्रिल

त्याच वर्षी, एप्रिलमध्ये, मिर्झा झाडाखाली उभा होता, हातात करवत. त्याचं म्हणणं होतं की वरची ती सुकी फांदी उतरवावी. चढताना मध्ये येते, आणि दोन दिवसांचं जळण होईल.

"हात लावू नकोस," सोनुनबू म्हणाली.

"जेंगे, मेलेली आहे ती," मिर्झा वहिनीला म्हणाला.

"मेलेलीच मोजायची असते. पडेल तेव्हा पडेल."

तुझी झाडं म्हणजे लाडावलेल्या सासवा, मिर्झा म्हणाला, यांचं काही काढायचं नाही आणि यांना काही बोलायचं नाही. करवत खांद्यावर टाकून तो शीळ वाजवत खाली उतरला.

हे दोघांतच झालं होतं. तिसरं कुणी नव्हतं.

कचेरी

अक्रोड पाडायला सरकारची बंदी आहे. वाट एकच. झाड आतून पोकळ आहे, केव्हाही कोसळेल, असं प्लॉटांच्या मुख्यानं लिहून द्यायचं. साहेब म्हणाले, सोनुनबू, तू लिही, मी डोळे मिटून सही करतो, तुझ्या घरात दुःख आहे. ते मनापासून म्हणाले. चहा मागवला, साखर स्वतः ढवळली.

कागद ती घरी घेऊन आली. लिहिला नाही.

तिला झाडाचं वाईट वाटत होतं असं नाही. म्हणजे, वाटतही होतं. पण खरी गोष्ट निराळी होती. झाड पडलं की सगळं झाडावर जाणार होतं. तिनं "हात लावू नकोस" म्हटलं होतं तेही त्याच्याबरोबर आडवं होणार होतं, आणि मग ते कधीच कुणाला दिसणार नव्हतं, आणि त्या घरात, त्या म्हातारीसमोर, ती आयुष्यभर चहा ओतत राहणार होती.

चूल

उल्कान लोकर पिंजत बसली होती. सोनुनबू शेवयांसाठी पीठ मळत होती, म्हणून तिला मान वर करावी लागली नाही.

"अपा, झाडाला नका शिक्षा देऊ. ती फांदी मी ठेवायला लावली. तो एप्रिलमध्येच कापायला निघाला होता. मी नको म्हटलं."

उल्कान पिंजत राहिली.

"माहीत आहे," ती म्हणाली.

पिठातले हात थांबले.

"त्याच दिवशी येऊन सांगितलं त्यानं. हसत होता. म्हणाला, जेंगेनं मला करवतीसकट हाकललं."

मग तुम्ही मला तेव्हाच का नाही बोललात, असं काहीतरी सोनुनबू विचारायला गेली. ते पुरं झालं नाही.

"ऐक, पोरी. मला कुणावर तरी राग धरायचाय. नाही धरला तर मी जगत नाही. देवावर धरायची हिंमत नाही. उरलात तुम्ही दोघं, तू आणि झाड." म्हातारीनं लोकरीतला काटा काढून चुलीत टाकला. "तुला घालवलं तर मी कुणाबरोबर बसू? मुलगा तिकडे, मुलगी सासरी उझगेनला, हा गेला. झाड पाड. मग मी म्हणेन, झाडानं नेलं. येईल त्याला सांगेन. म्हणता म्हणता खरं होईल."

"आणि नाही झालं तर?"

"आधी पाड तर."

पीठ झाकून ठेवून सोनुनबूनं हात धुतले आणि कागद लिहिला. आतून पोकळ. केव्हाही कोसळेल. खाली सही.

एक वीत

एवढ्या उंचीवर करवत लावतात.

गावातल्या मामासाली नावाच्या माणसानं यंत्राची करवत आणली होती. झाड पडलं तेव्हा शेजारच्या रानसफरचंदाची डहाळी घेऊन पडलं. मग धूळ बसली. मामासालीनं खोडावर हात फिरवला, वाकून पाहिलं, पुन्हा फिरवला. लाकूड गर्द, ओलं, मधोमध कुठं भोक नाही, भेग नाही.

"एजे," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो सोनुनबूला म्हणाला, "हे तर ठणठणीत आहे की."

"ओंडके कर," सोनुनबू म्हणाली.

उल्कान आलेली कुणाला दिसली नव्हती. ती कुंपणापाशी उभी होती. मामासालीचं बोलणं तिनं ऐकलं. खोडाजवळ न येता ती वळली आणि एकटीच उतार उतरली, आणि तिचा रुमाल खालच्या झुडपांत बराच वेळ दिसत राहिला.

उंची नाही

त्या हिवाळ्यात जो कुणी दारात आला त्याला उल्कान म्हणाली, झाडानं नेलं माझ्या पोराला. तेच शब्द, त्याच चालीत. प्रत्येक वेळी सोनुनबू चहा ओतत असे. प्रत्येक वेळी म्हातारी बोलून झाल्यावर सोनुनबूच्या हातांकडे बघे. वसंतात लोक यायचे थांबले. मग ती तेच वाक्य कोंबड्यांना सांगू लागली. उन्हाळ्यात तेही थांबलं.

एक मीटर तीस, शेजारी

प्लॉट सतरा यादीतून गेला नव्हता. झाड गेलं तरी उरलेली मोजायचीच असतात. पानं गळल्यावर सोनुनबू गेली, पलीकडे कचेरीतला नवा माणूस, फितीचं टोक देताना प्रत्येक वेळी "घ्या" म्हणणारा. खुंटाच्या आजूबाजूला चार झाडं. दोन कोवळे अक्रोड, एक मेपल, एक ते डहाळी मोडलेलं सफरचंद. आकडा बघून तिनं फीत पुन्हा फिरवली. नवा माणूस म्हणाला, चुकलं का काही? नाही, ती म्हणाली. चुकलं नव्हतं. चारही झाडं दर वर्षीच्या दुप्पट वाढली होती.

वर बघितलं तर भगदाड. ऊन थेट जमिनीवर येत होतं. गवत गुडघ्याएवढं.

घरी आल्यावर उल्काननं विचारलं. वर्षभरात पहिल्यांदाच.

"सतरामध्ये गेली होतीस?"

"हो."

"काय आहे तिथं?"

त्या झाडाबद्दल सोनुनबूनं एकदा खोटं लिहिलं होतं, दुसऱ्यांदा बोलायचं नव्हतं. "उजेड आलाय, अपा. शेजारची झाडं वाढलीत. दुप्पट."

म्हातारीनं हे नीट ऐकून घेतलं. तोंडातल्या तोंडात दुप्पट, दुप्पट, असं दोनदा म्हणून पाहिलं.

"चला. कुणाचं तरी भलं झालं."

सोनुनबूनं चहाची वाटी पुढे केली. उल्काननं ती घेतली, खाली ठेवली.

"नाही झालं गं खरं," ती म्हणाली. "मी खूप म्हटलं, झाडानं नेलं म्हणून. तू ऐकलंस ना, किती म्हटलं ते?"

"ऐकलं."

"बर्फ वितळलं की मी मुलीकडे जाते, उझगेनला. तू नको कुठं जाऊस. घर तुझं आहे. झाडं इथं आहेत तुझी."

सोनुनबू बरं म्हणाली. थांबा म्हणायला हवं होतं, पण कशाच्या जोरावर म्हणायचं ते तिला सापडेना. ती भांडी आवरायला उठली. मधल्या अरुंद जागेतून जाताना उल्काननं सवयीनं पाय आखडून घेतले आणि तिला वाट दिली.